मामांनी बदललेल्या चिठ्ठ्या

माझे मामा सव्वीस वर्षं तुरुंगात होते. असं म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे सरकतो. मामांना त्याची मजा वाटायची. पाहुण्यांसमोर ते हे वाक्य मुद्दाम टाकायचे, चेहरे बघायचे आणि मग सावकाश म्हणायचे, "रोज संध्याकाळी घरी यायचो, एवढाच काय तो फरक."

कैद्यांना पुस्तक बांधायला शिकवणं ही त्यांची नोकरी. तुरुंगाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. दोन मोठी टेबलं, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात खळ शिजवायची शेगडी आणि भिंतीला लावलेल्या फळीवर ओळीने टांगलेली दाभणं. संध्याकाळी प्रत्येक दाभण जागेवर आलेलं बघूनच दाराला कुलूप लागायचं. कोर्टाच्या जाड नोंदवह्या, शाळांच्या वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं इथे यायची आणि ठाकठीक होऊन जायची. लहानपणी मी मामांचा हात धरायचे तेव्हा त्यांची बोटं कायम खरखरीत लागायची, वाळलेल्या खळीने.

मामा वर्षाला जेमतेम तीसेक जणांना घेऊ शकत. निवड तेच करत. "माणूस सुईत दोरा कसा ओवतो ते बघायचं," असं ते सांगत. "घाई करणारा नको, चिडणारा तर नकोच." आणि त्यांना मनापासून वाटायचं, की ज्याच्या हाताला जुजबंदी बसली तो माणूस परत आत येत नाही. वहीची पानं जुज जुज करून, म्हणजे घड्यांचे छोटे गठ्ठे करून, एकात एक ओवणाऱ्या माणसाचं डोकं हळूहळू ताळ्यावर येतं, असा त्यांचा सिद्धांत. तुरुंगाचे अधीक्षकही पाहुण्यांना मामांची खोली कौतुकाने दाखवायचे. मास्तरांचे विद्यार्थी सुटले की सुटले, म्हणायचे.

मग एक संशोधक बाई आल्या. तिशी ओलांडलेली, खांद्याला भलीमोठी पिशवी. सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतात, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. जुन्या नोंदी चाळून त्या मामांसमोर बसल्या.

"मास्तर, एरवी दहातले चार जण दोन वर्षांत परत येतात. तुमच्याकडचे दोनच येतात."

"मग झालं की सिद्ध," मामा खुशीत म्हणाले.

"तुम्ही वर्गात घेता कोणाला?"

"ज्याच्यात धीर आहे त्याला."

"मग तुम्ही शिकवलं नसतं तरी तो कदाचित परत आला नसता. धीर तर त्याच्यात आधीपासूनच होता."

मामांना भयंकर राग आला. दोन दिवस ते घरीही धड बोलले नाहीत. मामी भाजीत मीठ घालायला विसरली तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. पण माणूस मुळात सरळ. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच बाईंकडे गेले आणि म्हणाले, "मी विचार केला. मी जर चांगलाच कागद निवडून बांधायला घेतला आणि पुस्तक वीस वर्षं टिकलं, तर ते बांधणीमुळे टिकलं की कागदामुळे, हे मला सांगता येणार नाही. तुमचं म्हणणं असंच ना?"

बाई हसल्या. "मास्तर, हे सांगायला मला वर्गात तासभर लागतो."

इथून दोघांची गट्टी जमली. बाईंनी बेत मांडला. दोन वर्षांत मिळून वर्गात येऊ इच्छिणारे एकशेवीस जण घ्यायचे. त्यातल्या साठांना जागा मिळेल, साठ जण बागेत, स्वयंपाकघरात नेहमीची कामं करतील. कोण कुठे, ते मास्तरांच्या नजरेने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. म्हणजे धीराचे आणि उतावळे, शहाणे आणि वेडे, दोन्हीकडे साधारण सारखे पडतील. मग सुटल्यावर दोन वर्षांनी मोजायचं. फरक पडला तर तो वर्गामुळेच, दुसरं कारण उरत नाही. फरक चांगला निघाला तर आणखी दोन तुरुंगांत असे वर्ग काढायचं वरच्या कचेरीने कबूल केलं होतं.

"आणि ज्याच्या नशिबी नाही आलं त्याला काय सांगायचं?" मामांनी विचारलं.

"खरं ते. की कोणी तुला नाकारलेलं नाही, चिठ्ठी तशी निघाली. एरवीही निम्मे बाहेरच राहतात ना? तेव्हा तर आपण त्यांना काहीच सांगत नाही."

एकशेवीस पाकिटं आली. प्रत्येकावर क्रमांक, आत घडी केलेली चिठ्ठी, पाकीट चिकटवून बंद. कैद्याचं नाव ज्या क्रमाने नोंदवलं जाईल त्या क्रमांकाचं पाकीट दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर फोडायचं. पाकिटं खरं तर ऑफिसात राहायची. पण तिथल्या कपाटाचं कुलूप बिघडलेलं आणि कारकून कसलीच जबाबदारी घ्यायला तयार नव्हता. मामांच्या खोलीतल्या कपाटाला दणकट कुलूप होतं. बाई म्हणाल्या, "तुमच्याइतका भरवशाचा माणूस कुठे मिळणार?" पाकिटं मामांकडे आली.

पहिली तीस त्यांनी इमानेइतबारे फोडली.

दुसऱ्या खेपेत एकेचाळिसाव्या क्रमांकावर मुक्याचं नाव लागलं. मुका काही खरा मुका नव्हता, पण दिवसाकाठी दोन-चार शब्दच बोलायचा, म्हणून तुरुंगात हे नाव पडलं होतं. चोरीपायी चौथ्यांदा आत आलेला. इतक्या वर्षांत त्याला भेटायला एकदाही कोणी आलं नव्हतं. भेटीच्या दिवशी तो मामांच्या खोलीबाहेर उभा राहून खिडकीतून शिकंजा बघत राहायचा. त्याच्या मागचा, बेचाळिसावा, होता नळवाला. नळ बसवायचं काम करणारा हसरा माणूस, मारामारीत पहिल्यांदाच आत आलेला. त्याची बायको दर भेटीला यायची, घडी घातलेले कपडे आणायची.

त्या दुपारी खोलीत मामा एकटे होते. शेगडीवर खळीचं पाणी उकळत होतं. पाकिटाचा डिंक वाफेवर कसा सुटतो आणि पुन्हा कसा बसवायचा, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? एकेचाळीस वाफेवर धरलं. कागद दुमडायच्या हाडाच्या पट्टीने कड उचलली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नेहमीचं काम'. बेचाळीस उघडलं. 'बांधणी वर्ग'. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला किती वेळ लागतो? मामांनी मला सांगितलं, "खळ करपली नाही एवढ्यात."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी ऐकून मुक्याने मामांकडे नुसतं बघितलं आणि मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते. नळवाला म्हणाला, "चला, नशीब," आणि बागेत गेला.

मामा त्या दिवशी फार आनंदात घरी आले. मामीला सगळं सांगितलं.

"बाईंना विचारलंत का?" मामीने विचारलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या."

"मग तर विचारायलाच हवं होतं."

"अगं, ज्याला घरदार आहे तो कसाही सावरेल. ज्याला कोणी नाही त्याला निदान एक कसब तरी मिळू दे. एका माणसाने काय बिघडतंय?"

पण तो एक राहिला नाही. एकदा हात सैल झाला की दर खेपेला कोणीतरी असा निघायचाच, ज्याच्याकडे बघून मामा पाकीट वाफेवर धरायचे. उरलेल्या नव्वद पाकिटांत त्यांनी अकरा जोड्या बदलल्या. प्रत्येक वेळी एकाच बाजूने. ज्याचं कोणी नव्हतं तो आत, ज्याची वाट बघणारं घर होतं तो बाहेर. कुठेही टिपून ठेवलं नाही. टिपून ठेवायला ती काय चोरी होती? त्यांच्या मते ते पुण्य होतं.

वर्ग झाले, माणसं सुटली, दोन वर्षांची मुदत सरली. एके दिवशी सकाळी बाई आल्या. या खेपेला पिशवी त्यांनी खांद्यावरून उतरवलीच नाही. अधीक्षकांच्या खोलीत तिघं बसले.

"बांधणी वर्गातल्या साठांपैकी चोवीस परत आले," बाई म्हणाल्या. "नेहमीच्या कामावरच्या साठांपैकी तेवीस."

अधीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे उपयोग शून्य?"

"उपयोग दिसला नाही, असं मी लिहिलंय. उपयोग नाही, असं लिहिलेलं नाही."

"वर हे दोन्ही एकच वाचतात, बाई."

"एका गटात जास्त बिकट माणसं आली असती, तर वर्गाचा गुण झाकला गेला असं म्हणता आलं असतं," बाई म्हणाल्या. "पण वय, गुन्हा, आधीच्या खेपा, सगळं मी ताडून पाहिलंय. दोन्हीकडे सारखं आहे. चिठ्ठ्या चोख वाटल्या गेल्या, त्याचं श्रेय मास्तरांना. मास्तर, मला खरंच वाईट वाटतंय. वेगळं निघावं अशी माझीही फार इच्छा होती."

मामांनी सांगितलं, की त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख कळलं. बाईंच्या तक्त्यात वय होतं, गुन्हा होता, पण बाहेर वाट बघणारं कोणी आहे का, हा रकाना नव्हता. तो रकाना मामांच्या डोक्यात होता आणि त्यांनी नेमका त्याच्यावरच हात चालवला होता. अकरा निराधार माणसं त्यांनी स्वतः वर्गाच्या बाजूला ढकलली होती आणि अकरा सावरलेली माणसं पलीकडे नेऊन बसवली होती. आता तोंड उघडायला हवं होतं. पण 'चोख' हा शब्द नुकताच खोलीत बोलला गेला होता. अधीक्षक बघत होते, बाई बघत होत्या. मामांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार, बाई."

दोन महिन्यांत खोली बंद झाली. दुसऱ्या दोन तुरुंगांतले वर्ग निघालेच नाहीत. शिकंजा दोरखंडाने बांधून कुठल्याशा गोदामात गेला. निवृत्तीला उरलेलं दीड वर्ष मामा फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करत होते.

मुका त्याआधीच परत आला होता, सुटल्यावर पाच महिन्यांत. मामांच्या खोलीसमोरून जाताना तो आपणहून बोलला, हेच नवल. "मास्तर, तुमचं नाव घालवलं." मामांना त्याच्याकडे वर बघवलं नाही. पुढच्या वर्षी तो आतच आजारी पडून गेला. त्याचं सामान न्यायलाही कोणी आलं नाही.

नळवाल्याचं नाव तर फाटकावरच्या वहीत मामांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. बाईंची दोन वर्षांची मुदत संपायला सहा आठवडे असताना तो पुन्हा मारामारीत सापडला होता, शिक्षा लागून आत आला तो मामा फाटकावर बसायला लागल्यावर. या खेपेला भेटीला बायको आली नाही.

हे सगळं मला कळलं ते मामी गेल्यानंतर. निकालाला सात वर्षं उलटली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या सुट्टीत मामांकडे राहायला गेले होते आणि टेबलावर मुलांच्या प्रयोगवह्या तपासत होते. एका मुलीने दोन कुंड्यांचा प्रयोग लिहिला होता, एकीला खत, दुसरीला नाही. खताची कुंडी तिने खिडकीत ठेवली होती.

"हिचे गुण कापलेस?" मामांनी विचारलं.

"कापणारच. रोप वाढलं ते खताने की उन्हाने, कसं कळणार?"

मामांनी ती वही स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "मी याहून वाईट केलंय. मी सावलीतल्या कुंडीला खत घातलं आणि कोणाला सांगितलं नाही." आणि मग सांगत गेले. शेवटी म्हणाले, "तुझी मामी म्हणायची, अजूनही बाईंना सांगून टाका. शेवटपर्यंत म्हणायची. मी म्हणायचो, आता काय उपयोग. तू मला एक पत्र लिहून दे."

पत्र लिहिलं, पण ते टाकायचा त्यांना धीर होईना, म्हणून आम्ही बाईंकडे गेलो. बाई आता एका महाविद्यालयात शिकवत होत्या, केस पांढरे झाले होते. मामांना बघून त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची पुढे केली. मामा बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. वाफ, हाडाची पट्टी, सगळं.

बाईंनी एवढंच विचारलं, "किती?"

"अकरा जोड्या."

"कोणत्या?"

मामांना सात आठवत होत्या. बाईंनी कपाटातून जुनी फाईल काढली आणि मामा नावं सांगतील तसतशा पेन्सिलने खुणा केल्या. तुम्ही आत घेतलेल्या सातांपैकी पाच परत आले, म्हणाल्या. बाहेर ठेवलेल्या सातांपैकी दोन. त्यांनी कागदावर बेरीज-वजाबाकी केली. चिठ्ठीप्रमाणे लावलं तर वर्गातले परत आलेले चोविसांचे एकवीस होत होते आणि नेहमीच्या कामावरचे तेविसांचे सव्वीस.

मी न राहवून म्हणाले, "म्हणजे वर्गाचा उपयोग होत होता?"

"हा आकडा मला फार आवडेल," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मी तो धरणार नाही. चार जोड्या राहिल्याच आहेत. शिवाय यांना आठवतात कोण? जे मनाला टोचतात ते. मुका आठवतो, कारण तो परत आला. जो गुपचूप सुटला आणि सावरला, तो कशाला आठवेल? मास्तर, तुम्ही चिठ्ठ्या बदललेल्या नुसत्या टिपून ठेवल्या असत्या तरी मला काहीतरी सोडवता आलं असतं. आता काही सांगता येत नाही. वर्ग चांगला होता का, तेही नाही. वाईट होता का, तेही नाही."

"मला वाटलं, एका माणसाने काय होणार," मामा म्हणाले.

"तुम्हाला दया आली याचा मला राग नाही." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण त्या माणसांना मी स्वतः सांगितलं होतं, कोणी तुम्हाला नाकारलेलं नाही, चिठ्ठी तशी निघाली. तुम्ही मला त्यांच्याशी खोटं बोलायला लावलंत. आणि मला ते सात वर्षं माहीतच नव्हतं."

मामांनी हात जोडले. बाईंनी मान वळवली. जरा वेळाने मात्र त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाकिटं तुमच्या कपाटात ठेवायला नको होती. ज्याचा जीव कामात अडकलाय त्याच्याच हातात किल्ली दिली. ती माझी चूक. आणि तो रकानाही मी ठेवला नाही."

त्यांनी दुरुस्तीची टीप छापली, जेमतेम दीड पान. पाकिटं ज्याच्या ताब्यात होती त्या कर्मचाऱ्याने वाटपात फेरफार केल्याचं उघड झालं आहे, तेव्हा या अभ्यासावरून वर्गाच्या उपयोगाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये, अशी. वर्ग पुन्हा सुरू झाला नाही. वरच्या कचेरीतली माणसं बदलली होती आणि कोणाला ती खोली आठवतही नव्हती. टीप वाचून मामा म्हणाले, "नाव घातलं असतं तरी चाललं असतं."

एक काम उरलं होतं. नळवाला तीन थांबे पलीकडे नळ आणि पाइपांच्या एका दुकानात कामाला आहे, असं मामांनी शोधून काढलं. मी सोबत गेले. तो बसून एका पाइपाला आटे पाडत होता, मध्येच तेल सोडत होता. मामांना त्याने लगेच ओळखलं.

"मास्तर! किती वाळलात हो."

मामांनी सांगून टाकलं. की बेचाळीस क्रमांकाच्या पाकिटात 'बांधणी वर्ग' होतं, तुझ्यासाठी होतं, मी ते काढून दुसऱ्याला दिलं.

नळवाल्याचा हात चालूच होता. दोन-तीन फेरे झाल्यावर तो थांबला. "का?"

"तुला घर होतं. वाटलं, तू सावरशील."

"घर होतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा आत गेलो, तेव्हा ती पोरीला घेऊन माहेरी गेली. ती गेलीच." त्याने फडक्याला हात पुसले. "वर्गात आलो असतो तर? दुसऱ्यांदा गेलो नसतो?"

"माहीत नाही," मामा म्हणाले. "कोणालाच माहीत नाही. आणि माझ्यामुळे आता कधी कळणारही नाही."

"मग सांगायला कशाला आलात?"

मामा उभेच राहिले. नळवाला मान खाली घालून पाइपाकडे बघत होता.

"माझ्या जागी बसला तो? मुका ना? त्याचं काय झालं?"

"पाच महिन्यांत परत आला. मग आतच गेला."

नळवाल्याने पाइप खाली ठेवला. मग त्याने समोरच्या टपरीवर हाक मारून तीन चहा सांगितले. आम्ही तिघं पाइपांच्या ढिगाशेजारी बसून चहा प्यायलो. नळवाल्याने माझी नोकरी विचारली, मामांचे गुडघे विचारले. मामांचा चहा अर्धा तसाच राहिला.

निघताना दुकानाची पायरी उंच होती. नळवाल्याने पुढे होऊन हात दिला. मामांनी तो धरला, उतरले, आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. पण त्यांनी वर काही बघितलं नाही.